पुढची सभा कधी?

७ फेब्रुवारी १८७८ रोजी पुण्याच्या ‘ज्ञानप्रकाशा’त एक आवाहन छापून आले. मराठीत ग्रंथ लिहिणाऱ्यांनी एके ठिकाणी जमावे आणि ग्रंथांना उत्तेजन कसे मिळेल याचा विचार करावा, असा त्याचा आशय होता. आवाहन करणारे दोघे, महादेव गोविंद रानडे आणि लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख. त्याप्रमाणे ११ मे रोजी हिराबागेत ग्रंथकार जमले आणि रानडे अध्यक्षस्थानी बसले. आज ज्याला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन म्हणतात, त्याची मोजणी त्या दिवसापासून होते.

मोजणी सुरू झाली खरी, पण दोनचा आकडा यायला सात वर्षे लागली आणि तीनचा यायला आणखी वीस. दुसरी सभा १८८५ मध्ये पुण्यातच भरली आणि तिसरी १९०५ मध्ये साताऱ्याला. तोवर आवाहनावर नाव असलेल्यांपैकी एकही हयात नव्हता. लोकहितवादी १८९२ मध्ये गेले, रानडे १९०१ मध्ये.

एकोणिसाव्या शतकात मराठी मुलखात सभा काढणारांची वाण नव्हती. चार इंग्रजी शिकलेले तरुण जमले की सभा निघे. नाव ठरे, अध्यक्ष ठरे, नियम लिहिले जात आणि पहिल्या बैठकीला सतरंजी अपुरी पडे. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मात्र चिटणीस एकटाच दिवा लावून बसलेला असे. ज्या थोड्या सभा या वळणापलीकडे गेल्या, त्यांनी काय केले आणि ज्या गेल्या नाहीत त्यांचे काय चुकले, हे तपासायला त्या काळाइतका दुसरा चांगला काळ नाही.

सुरुवात मुंबईपासून करावी लागते. १८४८ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी एक वाङ्मयीन आणि शास्त्रीय सभा काढली. तिच्या मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या, त्यांना ज्ञानप्रसारक हे नाव मिळाले. सभेत सभासदाने निबंध वाचायचा आणि इतरांनी त्यावर बोलायचे, अशी रीत होती. एवढ्यावर ही मंडळी थांबली असती तर चार वर्षांत कंटाळली असती. पण दादाभाई नौरोजींसारख्या तरुणांनी १८४९ मध्ये मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि सभासदच तिथे शिकवायला जाऊ लागले. १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघू लागले, ते १८६७ पर्यंत चालले. दोन बैठकांच्या मधल्या दिवसांत हाताला काम होते, वाचलेला निबंध छापून येण्याची आशा होती.

त्याच मुंबईत १८४९ मध्ये एक निराळीच मंडळी जमली, परमहंस सभा. व्याकरणकार दादोबा पांडुरंग आणि राम बाळकृष्ण जयकर हे तिच्यातले पुढारी. जातिभेद मानायचा नाही, मूर्तिपूजा करायची नाही, हे तिचे मत. नव्या सभासदाची परीक्षा ताटावर होत असे. ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे. सगळा कारभार गुप्त होता. बाहेर कळले तर जातीबाहेर पडावे लागेल, ही भीती खोटी नव्हती. दहा-अकरा वर्षे सभा गुपचूप वाढली. मग १८६० मध्ये सभासदांची यादी चोरीला गेली. नावे फुटणार म्हटल्यावर सभासद पांगले आणि मंडळी संपली. जे मत चारचौघांत बोलता येत नव्हते, ते यादीतल्या एका ओळीच्या भीतीपुढे टिकले नाही.

तिच्यातली माणसे मात्र नाहीशी झाली नाहीत. सात वर्षांनी, ३१ मार्च १८६७ रोजी, दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी प्रार्थना समाज स्थापन झाला. आता सगळे उघड होते. दर आठवड्याची उपासना ठरली, पुढे ‘सुबोध पत्रिका’ निघाली, कामकरी लोकांसाठी रात्रशाळा सुरू झाल्या. परमहंसांपेक्षा हा समाज सावध होता, त्याने कुणाला पाव खायला लावला नाही. पण आठवड्याचा वार ठरलेला होता, दार उघडे होते, आणि आज कोणी आले नाही तर पुढच्या आठवड्यात येईल, एवढा धीर त्याच्यापाशी होता.

सभेत काय खाल्ले-प्यायले जाते, हा प्रश्न पुढेही सुटला नाही. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोशींच्या खटपटीने बऱ्याच नामांकित मंडळींना बोलावले गेले. व्याख्यानानंतर चहा आला. कुणी प्यायला, कुणी नुसता पेला हातात घेतला. ‘पुणे वैभवा’त उपस्थितांची नावे छापून आली आणि ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, उभे राहिले. रानडे आणि टिळक दोघेही त्या यादीत होते. पुढे काही वर्षे शहर प्रायश्चित्ताच्या वादात गुंतले. नावांची यादी फुटण्याची ही दुसरी गोष्ट. फरक इतकाच की १८६० मध्ये मंडळी पांगली होती, या वेळी ती उघडपणे भांडत राहिली.

सभा जिवंत ठेवण्याची सर्वांत कल्पक युक्ती मात्र पुण्याच्या सार्वजनिक सभेने काढली. तिची सुरुवात अगदी घरगुती तक्रारीतून झाली. पर्वती संस्थानाच्या कारभारावर पुणेकर नाराज होते, ते गाऱ्हाणे नीट मांडायला कुणीतरी हवे होते. २ एप्रिल १८७० रोजी सभा स्थापन झाली, औंधचे पंतप्रतिनिधी अध्यक्ष झाले आणि कामाचा गाडा गणेश वासुदेव जोशींनी ओढला. लोक त्यांना ‘सार्वजनिक काका’ म्हणू लागले ते यामुळेच. नियम असा केला की सभासद व्हायचे तर किमान पन्नास लोकांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणायचे. सुरुवातीलाच पंच्याण्णव सभासद झाले आणि त्यांच्यामागे सहा हजार सह्या होत्या.

मुखत्यारपत्राचा अर्थ बैठकीला बसल्यावर कळे. सभासद स्वतःच्या हौसेने आलेला नसे, पन्नास जणांनी पाठवलेला असे. तो गैरहजर राहिला तर आळीतला कुणीतरी विचारणार, काय हो, परवा सभा झाली म्हणे, आपल्या अर्जाचे काय झाले? वर्गणी बुडवता येते, नियम विसरता येतो, पण दारात बसलेल्या शेजाऱ्याला टाळणे अवघड असते. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली आणि सरकारकडे अर्जविनंत्या धाडल्या, त्यामागे हा धागा होता.

१८७८ मध्ये सभेचे इंग्रजी त्रैमासिक सुरू झाले. चिटणीस सीताराम हरी चिपळूणकर संपादनाचे काम पाहत आणि लेखांचा मोठा भाग रानडे लिहीत, बहुधा सहीशिवाय. रानडे सरकारी नोकर, मन मानेल तिथे राहायची त्यांना मुभा नव्हती. त्याच सुमारास त्यांची नाशिकला बदली झाली, आणि १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या धामधुमीत, धुळ्याला. त्रैमासिक त्यातूनही चालले, कारण लेख टपालाने पुण्याला येऊ शकत होते आणि पुण्यात चिटणीस बसलेला होता. ग्रंथकारांच्या सभेला असा चिटणीस नव्हता, कचेरी नव्हती, वर्गणीची वही नव्हती. रानड्यांची बदली झाली आणि हिराबागेतल्या पहिल्या बैठकीनंतर पुढची तारीख सांगणारे कुणी उरले नाही.

रानड्यांनीच १८७५ च्या सुमारास पुण्यात सुरू केलेली दुसरी एक गोष्ट मात्र त्यांच्या बदल्यांना पुरून उरली. ती म्हणजे वसंत व्याख्यानमाला. तिचे बळ तारखांत होते. उन्हाळ्यात कोर्टांना सुट्टी, शाळा-कॉलेजांना सुट्टी, वकील आणि मास्तर मोकळे, बाहेरगावचे पुणेकर घरी आलेले. दिवसा ऊन इतके की कुणी बाहेर पडत नाही, पण संध्याकाळी वारा सुटला की पाय आपोआप घराबाहेर निघतात. त्या वेळी व्याख्यान ठेवायचे. पहिली ग्रंथकार सभा ११ मे रोजी, दुसरी २४ मे रोजी आणि पुण्यातलीच १९०६ ची सभा २७ मे रोजी, हाही योगायोग नव्हे. महाराष्ट्रातली बोलकी मंडळी मे महिन्यातच रिकामी असत.

सभेला यायला सगळ्यांना सारखे मोकळे रस्ते नव्हते. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला. बैठका शनिवारी भरत. रानड्यांच्या पत्नी रमाबाई रानडे त्यांना जात, आणि घरी परतल्यावर काय काय ऐकावे लागे ते त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे सभेला जाणे पटत नव्हते. टोमणे, अबोला, आणि दर शनिवारी पुन्हा तेच. वार ठरलेला असणे इथे दुधारी होते. त्यामुळे बैठक नियमित भरे, आणि घरच्यांनाही कटकट कधी सुरू करायची ते ठाऊक असे. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, पण शनिवारी घराबाहेर पडायची सवय पुण्यातल्या बायकांच्या एका लहान गटाला लागली होती. पुढे १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभे केले, तेव्हा या सवयीची पुण्याई कामी आली.

काही जण तर सभेत यायलाच तयार नव्हते. १८८५ च्या दुसऱ्या ग्रंथकार सभेला शंभरावर ग्रंथकार आले, कृष्णशास्त्री राजवाडे अध्यक्ष होते. रानड्यांनी जोतीराव फुल्यांनाही बोलावले होते. फुल्यांनी येण्यास नकार दिला आणि त्याचे कारण पत्राने कळवले. ज्यांना सर्व माणसांचे हक्क मान्य नाहीत, त्यांच्या सभांत आणि पुस्तकांत आमचे गाऱ्हाणे बसत नाही, आमचे आम्हीच पाहू, असा त्याचा सूर. हे पत्र ‘ज्ञानोदया’त छापून आले. गैरहजर माणसाचे ते पत्र आजही वाचले जाते.

फुल्यांची सभा तोवर बारा वर्षांची होत आली होती. २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजापुढचा प्रश्न निराळा होता. त्याचे पुष्कळ सभासद शेतावर राबणारे, निबंध वाचायचा तर वाचणारेच थोडे. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ काढला, पुढे नारायण मेघाजी लोखंडे तो मुंबईत चालवू लागले. पण खेड्यात वर्तमानपत्रापेक्षा ढोलकी लांब जाते. पुढे तमाशाच्या बाजाचे सत्यशोधक जलसे निघाले. भटजीशिवाय लग्न कसे लावायचे, सावकाराच्या वहीत काय लिहिलेले असते, हे सगळे गाण्यात आणि बतावणीत आले. लोक रात्रभर बसत आणि दुसऱ्या दिवशी त्यावर वाद घालत. फुले १८९० मध्ये गेले, लोखंडे १८९७ मध्ये. चळवळ मधे मंदावली, पण १९११ मध्ये पुण्यात सत्यशोधक समाजाची परिषद भरली आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या पाठबळाने तिला पुन्हा जोर चढला.

भांडणाने सभा मोडते, असे त्या काळच्या सुज्ञांचे मत होते. सार्वजनिक सभेच्या वह्या वेगळे सांगतात. जुलै १८९५ मध्ये सभेच्या निवडणुकीत टिळकांच्या बाजूने कारभार हाती घेतला. त्याच वर्षी पुण्यात काँग्रेसचे अधिवेशन होते आणि सुधारकांची सामाजिक परिषद त्याच मांडवात भरू द्यायची की नाही यावर शहर दुभंगले होते. रानडे आणि गोखले सभेतून बाहेर पडले आणि १८९६ मध्ये त्यांनी डेक्कन सभा काढली. एका सभेच्या दोन झाल्या. लगेच आलेल्या दुष्काळात टिळकांची सार्वजनिक सभा शेतकऱ्यांना शेतसाऱ्यातल्या सवलतींचे कायदे समजावून सांगत फिरली, आणि १८९७ मध्ये सरकारने तिची मान्यता काढून घेतली.

ग्रंथकारांच्या सभेला चिटणीस मिळायला १९०६ उजाडले. २७ मे रोजी पुण्यातल्या चौथ्या संमेलनात महाराष्ट्र साहित्य परिषद स्थापन झाली. मग १९०७, १९०८, १९०९ अशी सलग संमेलने भरली, १९०९ चे तर थेट बडोद्याला. पुढे खंड पडले, पण पुन्हा वीस वर्षांचा पडला नाही. १९३० मध्ये संमेलन पोर्तुगीज अमलाखालच्या मडगावला गेले, अध्यक्ष वामन मल्हार जोशी. सात वर्षांनी एकदा कसेबसे जमणारी मंडळी आता सरहद्द ओलांडून जमत होती.

याच काळात पुण्यात एक अगदी छोटी बैठक जमली, जिला ना वर्गणी होती ना मुखत्यारपत्र. काही कवी रविवारी एका घरी चहाला जमत, कविता वाचत आणि एकमेकांच्या ओळींवर बोलत. गमतीने ते स्वतःला ‘सन-टी क्लब’ म्हणवीत. १९२३ मध्ये तेच रविकिरण मंडळ झाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर आणि मनोरमा रानडे ही त्यातली मंडळी. त्याच वर्षी त्यांचा ‘किरण’ हा कवितासंग्रह निघाला. पंचहौद मिशनमधल्या चहाला तेहतीस वर्षे झाली होती, आणि आता चहावर कुणी ग्रामण्य उठवत नव्हते.

वसंत व्याख्यानमाला अजून भरते. २१ एप्रिलला सुरू होते, २० मेला संपते, रोज संध्याकाळी एक व्याख्यान. रानड्यांनी सुरू केलेल्या या मालेला पुणेकर आता टिळक स्मारक मंदिरात जातात.