सह्याद्रीतील बिनबर्फाचा हिवाळा

डोंगरातील हिवाळा म्हटले, की शहरी पर्यटकाच्या डोळ्यांपुढे सिमला-मनालीचा बर्फ उभा राहतो. महाराष्ट्राच्या डोंगरांत बर्फ पडत नाही. पण कडाक्याची थंडी मात्र हमखास अनुभवता येते. त्यासाठी अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा अकोले तालुका गाठावा. राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१६४६ मीटर), रतनगड आणि हरिश्चंद्रगड याच भागात आहेत.

बर्फ का नाही?

उंची वाढते तसे तापमान घटते. दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंश सेल्सिअस. मात्र केवळ उंची पुरेशी नसते. हिमवृष्टीसाठी थंडी आणि बाष्प एकाच वेळी लागतात. हिमालयात पश्चिमेकडून येणारे हिवाळी झंझावात बाष्प घेऊन येतात. तेथे बर्फ पडून गेल्यावर उत्तरेचे थंड, कोरडे वारे महाराष्ट्रापर्यंत पोचतात. ते गारठा आणतात, बाष्प नव्हे. उलट आकाशात ढग आले, की जमिनीची उष्णता अडून राहते आणि थंडी ओसरते. पावसाळ्यात ‘नगरची चेरापुंजी’ म्हणवणाऱ्या घाटघरलाही बर्फ न दिसण्याचे कारण हेच.

गोठते ते दव

निरभ्र, निवांत रात्री जमीन झपाट्याने निवते. थंड हवा जड असल्याने उतारावरून घरंगळत खोलगट जागी साठते. त्यामुळे पहाटे माथ्यापेक्षा दरीत गारठा अधिक जाणवू शकतो. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सुमारे चार फुटांवर असतो. गवताची पाती त्याहून गार होतात. म्हणूनच पारा शून्याच्या वर असतानाही दव गोठू शकते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दिसणारे हिमकण असेच तयार होतात.

कुठे, काय पाहाल?

प्रवरा नदीवर १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचा जलाशय थंडीच्या पहाटे पाहण्यासारखा असतो. पाणी हवेपेक्षा उबदार असल्याने पृष्ठभागावरून वाफा उठतात. जलाशयाच्या वरच्या अंगाला, रतनवाडीत, अमृतेश्वराचे प्राचीन शिवमंदिर आहे. कळसूबाईची वाट बारी गावातून चढते. माथ्यावर वारा बोचरा असतो. सूर्योदय पाहायचा तर स्वेटर, कानटोपी आणि विजेरी सोबत हवीच. हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेतील शिवलिंगाभोवती थंडगार पाणी असते.

गावकऱ्यांचा हिवाळा

हाच हिवाळा येथील महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या अनेक कुटुंबांसाठी स्थलांतराचा काळ असतो. भात, नाचणी, वरईची काढणी झाली, की जिरायती शेतीत काम उरत नाही. मग मजुरीसाठी नारायणगाव, जुन्नर, नाशिककडील बागायती भागाची वाट धरली जाते. पर्यटक डोंगर चढत असतात, तेव्हा डोंगरातील माणूस खाली उतरत असतो. मुक्काम आणि भोजनाची घरगुती सोय किंवा वाटाड्याचे काम मिळाले, तर त्यातील काहींना गावातच थांबता येते. म्हणून शहरातून सारी शिदोरी बांधून नेण्यापेक्षा गावातच उतरावे. कारवीच्या कुडाला शेणामातीने लिंपलेल्या घरात, चुलीपाशी बसून नाचणीची गरम भाकरी खाण्यात जी ऊब आहे, ती तंबूत नाही.

एक पथ्य मात्र पाळावे. १९८६ मध्ये या परिसराला कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात येथील गवत वाळलेले असते. एका ठिणगीने अख्खा उतार पेटू शकतो. गडावर शेकोटी पेटवू नये. ती गावात, अंगणातच बरी. आणि तेथे शेकताना गप्पांना गावकऱ्यांची सोबतही मिळते.