भाकर, ऊन आणि त्वचा : दख्खनच्या एका विस्मृत आजाराची कथा

१/ हिंगोली आणि त्वचा हे दोन शब्द एकत्र आले की वसमतची हळद आठवते. परंतु येथील कष्टकऱ्याच्या त्वचेची कथा हळदीपेक्षा भाकरीशी अधिक जोडलेली आहे. तरुण हातांना अकाली म्हातारे करणाऱ्या एका आजाराविषयी आजचा हा #थ्रेड.

२/ हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. शेती कोरडवाहू, नगदी पीक कापूस आणि पोटाला ज्वारी. हा ज्वारीपट्टा मराठवाड्यापासून तेलंगणापर्यंत पसरला होता.

३/ दख्खनमधील ज्वारी खाणाऱ्या गरिबांत 'पेलाग्रा' आढळे. हाताची पाठ, पावले, मान, म्हणजे जेथे ऊन लागे तेथील कातडी आधी लाल होई, मग काळवंडून जाड होई आणि भेगाळे. पुढे जुलाब आणि बुद्धिभ्रम. उपचार न झाल्यास मृत्यू.

४/ १७३५ साली स्पेनमध्ये गास्पार कासाल या वैद्याने हा आजार नोंदवला. रुग्णाच्या गळ्याभोवती उमटणाऱ्या पट्ट्याला आजही 'कासालचा हार' म्हणतात. 'पेलाग्रा' या इटालियन शब्दाचा अर्थच मुळी 'खरखरीत कातडी'. तेथील रुग्ण बहुतेक मक्यावर जगणारे गरीब होते.

५/ अमेरिकेच्या कापूसपट्ट्यात हा आजार संसर्गजन्य मानला जाई. १९१४ पासून जोसेफ गोल्डबर्गर यांनी तो समज खोडून काढला. अनाथालयांतील मुलांच्या आहारात दूध, अंडी, मांस व कडधान्ये वाढवताच आजार हटला. १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेजेम यांनी तो गुणकारी घटक ओळखला : नायसिन, म्हणजेच ब-३ जीवनसत्त्व.

६/ येथे एक कोडे उभे राहिले. शरीर ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासूनही नायसिन तयार करते. साधारण ६० मिलिग्रॅमपासून १ मिलिग्रॅम. मक्यात ट्रिप्टोफॅन फारच कमी. ज्वारीत मात्र ते तितके अपुरे नाही. मग ज्वारी खाणाऱ्यांना पेलाग्रा का व्हावा?

७/ कुन्नूरची पोषण संशोधन संस्था १९५८ मध्ये हैदराबादला आली. तेथील सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये उत्तर सुचवले : ज्वारीत ल्युसीन फार असते आणि ते नायसिनच्या निर्मितीत अडथळा आणते. यावर पुढे वाद झाला. पण दख्खनच्या भाकरीचा प्रश्न जागतिक विज्ञानापुढे आला.

८/ परिणाम त्वचेवरच का दिसतो? उन्हातील अतिनील किरणांनी पेशींतील डीएनएला इजा होते. तिच्या दुरुस्तीला लागणारा एनएडी हा पदार्थ शरीर नायसिनपासून बनवते. ऊन सर्वांवर सारखेच पडते. पण ते सोसण्याचे बळ अन्नातून येते.

९/ मग ज्वारी दोषी ठरते काय? मुळीच नाही. पिढ्यानपिढ्या लोक तिच्यावर निरोगी जगले, कारण भाकरीसोबत तुरीचे वरण, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी, ताक असे. ज्वारीच्या रानात तुरीच्या ओळी पेरण्याची रीत ताटातही उतरे. ज्याच्या वाट्याला केवळ कोरडी भाकर आली, त्याचीच कातडी फाटली. दोष धान्याचा नव्हता, दारिद्र्याचा होता.

१०/ म्हणून जुन्या छायाचित्रात शेतमजुराचे रापलेले हात पाहून त्याचे वय ठरवू नये. त्या हातांमागे उन्हाइतकेच ताटही असते. आपल्या आजी-आजोबांना एकदा अवश्य विचारा : तुमच्या लहानपणी भाकरीसोबत काय असे? त्यांचे उत्तर कोणत्याही दफ्तरात सापडणार नाही. ते लिहून ठेवा.