परांड्याचा मलिक अंबर आणि जहांगीरचा बाण

१९६८ साली युनायटेड आर्टिस्ट्स या अमेरिकी कंपनीने आपल्या ताब्यातील अकरा जुने कार्टूनपट दूरचित्रवाणीवरून मागे घेतले. ‘जंगल जिटर्स’ (१९३८) हा त्यांपैकी एक. कोळशासारखा चेहरा, अवाढव्य ओठ आणि नरमांसाची भूक. आफ्रिकी माणूस म्हणजे एवढेच, असे तो हसत-खेळत सांगे.

रंगावरून माणसाला चित्रात हिणवण्याची ही तऱ्हा मात्र चित्रे हलू लागण्यापूर्वीची आहे. तिचे एक ठळक उदाहरण ज्याच्यावर बेतले, त्याच्या उदयाची कहाणी धाराशिव जिल्ह्यातील परांड्याच्या किल्ल्यातून जाते.

१६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मुघलांच्या हाती पडला. निजामशाही संपली, असेच अकबराला वाटले असावे. परंतु इथिओपियात जन्मलेल्या आणि गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या मलिक अंबरने राजघराण्यातील एका तरुणाला परांड्यात दुसरा मुर्तजा निजामशहा म्हणून गादीवर बसवले, त्याला आपली मुलगी दिली आणि पुढे पाव शतक मुघलांना दक्षिणेत स्थिर होऊ दिले नाही.

जहांगीरने त्याला हरवले ते कागदावर. सुमारे १६१६ साली अबुल हसनने काढलेल्या चित्रात बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या शिरावर बाण सोडतो आहे. शिरावर घुबड बसले आहे. भोवतीच्या फारसी ओळी अंबरच्या रात्रीसारख्या वर्णाची हेटाळणी करतात. हे चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात ते शिर जहांगीरच्या हाती कधीच लागले नाही!

आत्मचरित्रातही बादशहा अंबरला ‘सियाह-रू’ म्हणतो. फारसीत याचा अर्थ काळ्या तोंडाचा, आणि बदनामही. (आपल्याकडे ‘तोंड काळे करणे’ आहेच.) ही शिवी कोणत्याही बंडखोराला देता आली असती; हबशाला दिली की ती थेट त्याच्या कातडीवर जाऊन बसते. रंग हाच अवगुण ठरतो. तीन शतकांनंतर कार्टूनपटांनी हीच युक्ती वापरली.

तरीही मुघल कुंचला एकाच सुरात बोलत नव्हता. त्याच दरबारातील हाशिमने काढलेले अंबरचे व्यक्तिचित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यात टवाळीचा मागमूस नाही. दिसतो तो वय झालेला, भारदस्त सेनानी. आणि १६२६ मध्ये अंबर वारला तेव्हा जहांगीरच्याच पदरी असलेल्या मुतमद खानाने लिहून ठेवले, की युद्धात आणि राज्यकारभारात त्याला जोड नव्हती.