विजारीतली माती

ज्याँ रेन्वारच्या ‘ला ग्रांद इल्युझिआँ’मध्ये (1937) एक छोटा प्रसंग आहे. जर्मनांच्या छावणीतले फ्रेंच अधिकारी रात्ररात्र जागून भुयार खणतात. ते पुरे होत आले असतानाच त्यांना दुसऱ्या छावणीत हलवण्याचा हुकूम येतो. त्यांच्या जागी इंग्रज कैदी येत असतात. जाता जाता मारेशाल, म्हणजे ज्याँ गाबँ, त्यांच्यातल्या एकाला सांगू पाहतो की आमच्या खोलीत भुयार तयार आहे. पण तो फ्रेंचमध्ये बोलतो आणि समोरच्याला फ्रेंच येत नाही. निरोप पोचत नाही.

माझे म्हणणे असे, की निरोप पोचला. 26 वर्षांनी, ‘द ग्रेट एस्केप’मध्ये. तो पोचल्याची खूण आहे भुयारातून निघालेली माती.

युद्धकैद्यांच्या सिनेमाचा रूढ इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे: रेन्वार, मग ‘स्टालाग 17’, ‘क्वाय’ नदीवरचा पूल, मग स्टीव्ह मॅक्क्वीनची मोटरसायकल. मला त्यात रस नाही. मला रस आहे तो पहारेकऱ्याच्या नाकासमोर बागेत पाय झटकणाऱ्या माणसात. भुयार खणणे हा ताकदीचा प्रश्न आहे, पण निघालेली माती कुठे टाकायची हा बुद्धीचा. आणि पडद्यावर दिसायला तोच जास्त रंगतदार. रेन्वारचे कैदी कपड्यांत लपवून आणलेली माती बागकामाच्या निमित्ताने वाफ्यांत मिसळून टाकतात. स्टर्जेसने दिग्दर्शित केलेल्या ‘द ग्रेट एस्केप’मध्येही (1963) माती कपड्यांतूनच बाहेर येते, वाफ्यांतच पडते आणि वर दाताळे फिरते.

यावर पहिला आक्षेप तयारच असतो: यात उसने काय आहे? हे तर खरेच घडले होते! झागानजवळच्या स्टालाग लुफ्ट 3 या छावणीत रॉजर बुशेलच्या टोळीने टॉम, डिक आणि हॅरी अशी तीन भुयारे खणली. वरची माती करडी आणि खालची वाळू पिवळीधमक, त्यामुळे मूठभर वाळू उघड्यावर पडली तरी घात. ब्रिटिश नौदलाचा पीटर फॅनशॉ याने तोड काढली: लांब अंतर्वस्त्राचा पाय कापून शिवलेली पिशवी विजारीच्या आत सोडायची, तिच्या तळाशी टाचणी, टाचणीला दोरा, दोऱ्याचे टोक खिशात. दोरा ओढला की वाळू पायांवर, आणि चालता चालता ती तुडवून मातीत मिसळायची. असे फेंगडत चालणाऱ्यांना ‘पेंग्विन’ म्हणत. 24 मार्च 1944 च्या रात्री हॅरीमधून 76 जण बाहेर पडले. तिघेच सुटले, पकडलेल्या 73 पैकी 50 जणांना गोळ्या घातल्या गेल्या. स्वतः तिथे कैदी असलेल्या पॉल ब्रिकहिलने 1950 मध्ये हे लिहिले आणि स्टर्जेसने ते चित्रित केले. मग रेन्वार मध्ये आला कुठून?

मी हा आक्षेप मान्य करतो आणि तरी हटत नाही. कारण तपशील बघा. हिवाळ्यात बर्फ पडल्यावर झागानमध्ये वाळू बाहेर टाकणे अशक्य झाले. हॅरीची बरीच वाळू कैद्यांनीच उभारलेल्या नाटकघराच्या जमिनीखाली गेली, एका खुर्चीखालच्या चोरदारातून. हे सत्य बागेइतकेच नाट्यमय आहे. तरी सिनेमाने भर दिला तो विजारीवर आणि वाफ्यांवर. का? कारण ते दृश्य कसे दिसावे हे रेन्वारने आधीच ठरवून ठेवले होते. माहिती ब्रिकहिलची, नजर रेन्वारची.

दुसरा आक्षेप अधिक जुना आहे. पहिल्या महायुद्धात होल्झमिंडेनच्या छावणीतून जुलै 1918 मध्ये 29 ब्रिटिश अधिकारी भुयारातून निसटले आणि 10 जण मायदेशी पोचले. त्यावर 1938 मध्ये ‘हू गोज नेक्स्ट?’ हा ब्रिटिश सिनेमाही निघाला. तेव्हा उगम इंग्रजीच, असे कोणी म्हणेल. पण होल्झमिंडेनचे भुयार जिन्याखालच्या पोकळीतून सुरू झाले आणि माती त्याच पोकळीत रचली गेली. तिथे ना बाग, ना विजार. हा दावा मी बाजूला ठेवतो.

मग रेन्वारला हे कुठे मिळाले? ‘तोनी’ या त्याच्या आधीच्या सिनेमाच्या चित्रीकरणात जवळच्या तळावरची विमाने आवाज करून त्याला छळत होती. तक्रार घेऊन तो तळप्रमुखाकडे गेला, तर समोर आर्माँ पँसार! पहिल्या महायुद्धात रेन्वारचा जीव वाचवणारा वैमानिक. पँसार स्वतः 1916 मध्ये तुरुंगाच्या भिंतीखालून खणून पळाला होता. त्याच्या आठवणींतून ‘ला ग्रांद इल्युझिआँ’ उगवला. ज्याँ दे व्हालियेर या लेखकाने मात्र आपल्या कादंबरीतून उचलेगिरी झाल्याचा आरोप केला. मला पँसारची बाजू पटते: अशा गोष्टी सगळ्याच कैद्यांनी भोगल्या होत्या, त्यांवर कुणा एकाची मालकी नव्हती.

आता माझा सर्वांत धाडसी अंदाज. हा फ्रेंच सिनेमा 1938 मध्ये लंडन-न्यूयॉर्कमध्ये दाखवला गेला, म्हणजे युद्धाच्या ऐन तोंडावर. बुशेल तेव्हा लंडनमधला बॅरिस्टर होता, परभाषांत वाकबगार. त्याच्यासारख्या कुणीतरी तो पाहिलाच असणार. तसे असेल तर ओघ पडद्यावरून छावणीत आणि छावणीतून पुन्हा पडद्यावर गेला. झागानच्या नाटकघरातली ती वाळू मला म्हणूनच रेन्वारची वाटते. त्याच्याही छावणीत कैद्यांचे नाटक आणि भुयार हातात हात घालून चालतात.

आपल्याकडेही या घराण्याची एक शाखा आहे. 1971 च्या युद्धात पाडाव झालेले फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी ऑगस्ट 1972 मध्ये रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून बाहेर पडले आणि अफगाण सीमेजवळ पकडले गेले. 2019 मध्ये त्यावर ‘द ग्रेट इंडियन एस्केप’ निघाला. नाव कुणाचे वारस आहे ते स्पष्टच आहे. पण भिंत फोडली की माती निघत नाही, निघतो गिलावा आणि विटांचा चुरा, आणि तो विजारीत घालून वाफ्यात सांडता येत नाही. म्हणून नाव हॉलीवूडचे असले तरी हा सिनेमा रेन्वारच्या वंशात मी धरत नाही.