अँफोटेरिसिन बी
स्ट्रेप्टोमायसीस नोडोसस या मातीतील जीवाणूपासून मिळणारे बुरशीरोधक संयुग. बुरशीच्या पेशीपटलातील एर्गोस्टेरॉलला ते चिकटते. पटलाला छिद्रे पडून पोटॅशियम आयन बाहेर झिरपतात व पेशी मरते, असे दीर्घकाळ मानले गेले. मात्र छिद्रे पाडू न शकणारे त्याचे बदललेले रूपही यीस्ट मारते आणि त्याच कुळातील नाटामायसिन पटल न फोडताच चीजवरील बुरशी रोखते. त्यामुळे एर्गोस्टेरॉल अडकवणे हाच मूळ घाव ठरतो. गळती त्यात भर घालते. मानवी पेशींत एर्गोस्टेरॉल नसताना या औषधाने मूत्रपिंडांना इजा का होते, हा आक्षेप रास्त आहे. परंतु हे संयुग मानवी पेशींतील कोलेस्टेरॉललाही काही प्रमाणात चिकटते. म्हणूनच २०२१ मध्ये महाराष्ट्रातील म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराच्या रुग्णांसाठी त्याच्या, मूत्रपिंडांना कमी इजा करणाऱ्या, लिपोसोमयुक्त रूपाला प्राधान्य दिले गेले.