मनगटावरचं फूल कुणासाठी? कंकण, गजरा आणि बुलढाण्याच्या ताराबाई

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना लिहिलाय, त्यामुळे भाषा थोडी बोलीतलीच आहे. सांभाळून घ्या.

आजचा विषय लग्नसराईतला. हल्ली रील्समध्ये बघितलं असेल, करवल्यांच्या मनगटावर फुलांचा छोटा गुच्छ असतो आणि नवरदेवाच्या मित्रांच्या कोटावर एक फूल टाचलेलं असतं. मनगटावरच्या गुच्छाला म्हणतात कॉर्साज, कोटावरच्या फुलाला बुटोनियर. दोन्ही शब्द फ्रेंच. कॉर्साज म्हणजे मुळात बायकांच्या झग्याचा छातीकडचा भाग. तिथे लावायच्या गुच्छालाच पुढे ते नाव पडलं आणि गुच्छ मनगटावर गेला तरी नाव तेच राहिलं. बुटोनियर म्हणजे गुंडीचं काज. काजात खोचायचं फूल, म्हणून बुटोनियर. आपल्याला कोटावरचं फूल म्हटलं की पंडित नेहरूंचा गुलाब आठवतो, तेच ते.

आता कोणी म्हणेल, ही विलायती फॅशन. पण मनगटाला काहीतरी बांधून माणसाला "आज तू खास आहेस" असं सांगणं आपल्याकडे खूप जुनं आहे. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात लग्नाला गेलात तर हळदीच्या वेळी नवरा-नवरीचे हात बघा. पिवळा केलेला सुती दोरा, त्यात हळकुंड आणि बहुतेक वेळा आंब्याचं पान. हे कंकण, बोलीत काकण. लग्न लागल्यावर ते एका हाताने सोडायचा खेळ होतो आणि अख्खा मांडव ओरडत असतो. डोक्याला मुंडावळ्या, केसात गजरा, गळ्यात हार. म्हणजे सामान साधंच: दोरा, हळद, पान, फूल.

यातल्या दोन वस्तूंचा प्रवास ऐकण्यासारखा आहे.

पहिली वस्तू झेंडू. दसऱ्याला दारावर आणि लग्नात मांडवाला झेंडू नसेल तर आपल्याला चुकल्यासारखं वाटतं. पण हे झाड मूळचं मेक्सिकोकडचं. युरोपियन लोक अमेरिकेत पोचल्यानंतर ते जगभर पसरलं आणि आपल्याकडे आलं. म्हणजे ज्याला आपण "पूर्वीपासून चालत आलेलं" म्हणतो, त्यातलं बरंच काही कधीतरी नवीन होतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरी वस्तू दोरा, म्हणजे कापूस. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस मँचेस्टरला मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८७० मध्ये जलंब ते खामगाव असा रेल्वेचा फाटा टाकला गेला, मुख्यतः कापसासाठी, आणि त्यासाठी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले होते. त्याच कापसाच्या पट्ट्यात पुढे काय झालं, तेही आपल्याला माहीत आहे. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांसाठी जे पॅकेज जाहीर केलं, त्यातल्या सहा जिल्ह्यांत बुलढाणा होता. आत्महत्या म्हटलं की आपण आकडे मोजतो. पण प्रत्येक आकड्यामागे बहुतेक वेळा एक बाई मागे उरते. घर चालवते, शेत बघते, पोरांची लग्नं लावते. आणि त्याच लग्नात तिच्या मनगटाला दोरा बांधत नाहीत.

इथे खरा विषय सुरू होतो. फूल नुसतं सजावटीसाठी नसतं. कोण आत आणि कोण बाहेर, हेही ते सांगतं. गजरा सवाष्णीला, हळद-कुंकू सवाष्णीला, ओटी सवाष्णीला. नवरा गेला की यादीतून नाव कमी.

हा नियम बदलायचा प्रयत्न कोणी केला का? केला, आणि फुलांचा धंदा करणाऱ्या घरातूनच केला. जोतीराव फुल्यांच्या घराण्याचं आडनाव आधी गोऱ्हे होतं. पुण्यात पेशव्यांकडे फुलं पुरवायचं, फुलांची सजावट करायचं काम त्यांच्याकडे आलं, त्यावरून 'फुले' हे नाव पडलं. विधवांना पुन्हा लग्न करता येईल असा कायदा १८५६ मध्येच झाला होता. पण कायदा कागदावर, समाज आपल्या जागी. २४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. भटजी नाही, हुंडा नाही, मोठा खर्च नाही. लग्नाला काय लागतं आणि काय लागत नाही, हा प्रश्न त्या लोकांनी जाहीरपणे विचारला. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी तर १८९० मध्ये मुंबईत नाभिकांची सभा घेतली. विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, असं त्या लोकांनी ठरवलं.

आणि आता आपला बुलढाणा. आपल्या जिल्ह्याचं नाव घेतलं की सिंदखेडराजा, लोणार, शेगाव एवढं सगळे सांगतात. ताराबाई शिंदे हे नाव किती जणांनी शाळेत नीट ऐकलं? त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्यात डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत होते आणि सत्यशोधक समाजाशी जोडलेले होते. त्या काळात मुलींची शाळा दूरच, पण त्यांनी ताराबाईंना घरी मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं.

१८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेवर स्वतःचं बाळ मारल्याचा खटला झाला. तिला फाशीची शिक्षा सुनावली गेली, पुढे अपिलात ती कमी झाली. वर्तमानपत्रांत मात्र बायकांच्या नीतीवर धडे सुरू झाले. त्यावर ताराबाईंनी १८८२ मध्ये पुस्तक काढलं: 'स्त्रीपुरुष तुलना'. त्यांचा मुद्दा सरळ होता. बायको मेली की पुरुष दुसरं लग्न करतो, नवरा मेला की बाईने सगळं सोडायचं. जोडीदार दोघांचाही जातो, मग नियम दोन का? जे दोष बायकांना चिकटवले जातात, तेच दोष पुरुषांत नाहीत का? त्यांनी एकेक दोष घेऊन तुलना केली. लोक चिडले. जोतीरावांनी १८८५ मध्ये 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात त्यांची बाजू घेतली. पुढे पुस्तक विस्मरणात गेलं, ते थेट १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापून वाचकांसमोर आणलं. नव्वदहून जास्त वर्षं आपल्या जिल्ह्यातला हा आवाज धूळ खात होता.

हे सगळं मला आत्ताच का आठवलं? आमच्या घरी, चिखली तालुक्यात, चुलत बहिणीचं लग्न होतं. मोठे बाबा काही वर्षांपूर्वी गेले. डेकोरेटरने पॅकेजची यादी पाठवली: नवरा, नवरी, करवल्या, पाच सवाष्णी, कन्यादान करणारं जोडपं. कन्यादान माझे आई-बाबा करणार होते. यादीत नवरीच्या आईचं, म्हणजे मोठ्या आईचं, नाव कुठेच नव्हतं. कोणी मुद्दाम काढलं नव्हतं. ती डिफॉल्ट सेटिंग होती. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये असे नियम असतात. कोणी लिहिले, ते आता कोणालाच सांगता येत नाही, पण हात लावायला सगळे घाबरतात.

बहीण म्हणाली, पॅकेज नको, फुलं घरीच करू, आणि पहिलं आईचं करू. हळदीच्या सकाळी ती मोठ्या आईच्या हाताला बांधायला गेली, तर मोठी आई हात मागे घेऊन म्हणाली, "मले काऊन बांधतं वं? मी कुठं सवाष्ण आहो?" बहीण म्हणाली, "माय, तू नवरीची माय आहेस ना? तेवढं पुरे." मोठी आई काही बोलली नाही. हात मात्र पुढे केला. नात्यातल्या एक आजी रुसून उठून गेल्या, हेही सांगितलं पाहिजे. संध्याकाळी जेवायला आल्या. त्या दिवशी कोणतंही आभाळ कोसळलं नाही.

आता ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी कृती. यूट्यूबवर विलायती सामान सांगतात, आपल्याकडे त्याची गरज नाही.

मनगटासाठी: अर्धा-पाऊण इंच रुंदीची रिबन किंवा सुती पट्टी, साधारण दीड फूट. मधल्या तीन इंचांत फुलं, दोन्ही टोकं बांधायला मोकळी. शेवंती, निशिगंध, छोटे गुलाब चालतात. देठ अर्धा इंच ठेवा, दोन-दोन फुलं दोऱ्याने घट्ट बांधून जोड्या करा आणि सुई-दोऱ्याने पट्टीवर टाका. मागे मेंदीची किंवा अशोकाची पानं घातली की गुच्छ भरदार दिसतो. झेंडूचा देठ मऊ असतो, तो मोडतो, म्हणून सुई फुलाखालच्या हिरव्या वाटीतून आडवी घाला.

कोटासाठी किंवा सदऱ्यासाठी: एकच फूल, दोन इंच देठ, मागे एक पान. देठाच्या टोकाला ओल्या कापसाचा छोटा बोळा, त्यावर प्लॅस्टिकचा तुकडा म्हणजे कपड्याला डाग पडणार नाही, आणि वरून हिरवी टेप किंवा केळीचं सोप गुंडाळा. डाव्या बाजूला मागून सेफ्टी पिनने टाचा.

मोगरा असेल तर आदल्या रात्री कळ्याच ओवा आणि ओल्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवा. बाकी फुलं सकाळीच करा. आमच्याकडे मे महिन्यात दुपारपर्यंत काही टिकत नाही, माहीत आहे ना!

पण दोऱ्याला हात लावायच्या आधी यादी करा, आणि यादीत कोण राहिलंय ते बघा. ४ मे २०२२ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत राज्य सरकारनेही परिपत्रक काढून बाकी ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. १८५६ च्या कायद्यासारखंच हे परिपत्रकही कागद आहे. ते अमलात येतं ते हळदीच्या पाटाजवळ, जेव्हा घरातलं कोणीतरी दोरा घेऊन योग्य माणसाकडे जातं.

आणि आजी म्हणाली, "असं पूर्वीपासून चालत नाही," तर तिला प्रेमाने मांडवावरचा झेंडू दाखवा. तोही मेक्सिकोवरून आलाय.

तुमच्या गावात काय करतात, काकण कसं बांधतात, कोणाला बांधतात, आवाजी मेसेज करून नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!