नाथांचा बोलपट आणि सरकारी शुद्धिपत्र



ज्ञानोबाराय भावंडांसह पैठणला गेले ते शुद्धिपत्र आणायला. ही कथा वारकऱ्याला सांगावी लागत नाही. रेड्यामुखी वेद वदले, ब्रह्मवृंद निरुत्तर झाला आणि माउली तिथून नेवाशाला, म्हणजे आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचे) आली. पुढे काय घडले ते पैसाचा खांब सांगतो. पण ज्यांच्याकडून जगाने ज्ञान घ्यायचे त्यांच्याकडेच आधी कागद मागितला गेला, हेही तितकेच खरे. सुमारे साडेसहाशे वर्षांनी त्याच पैठणच्या नाथमहाराजांच्या कथेकडेही असाच एक कागद मागितला गेला. या वेळी मागणारे इंग्रज सरकार होते.

साल 1935. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने नाथांच्या चरित्रावर बोलपट तयार केला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, आणि नाथांच्या भूमिकेत बालगंधर्व! ज्यांना लोकांनी कान्होपात्रेच्या वेषात डोळे भरून पाहिले होते, ते आता दाढीमिशीविना का होईना, पण पुरुषवेषात पडद्यावर येणार होते. बोलपटाचे नाव ठेवले होते ‘महात्मा’. आपल्याला यात वावगे ते काय वाटणार? कीर्तनात तर हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो. पण त्या दिवसांत हा शब्द कानी पडला की सरकारला एकच व्यक्ती दिसत असे, पंचा नेसलेली.

1918 साली सरकारने सिनेमाचा कायदा केला होता. प्रमाणपत्राशिवाय कोणताही चित्रपट लोकांना दाखवायचा नाही, असा तो कायदा. त्याप्रमाणे 1920 मध्ये मुंबईला परीक्षण मंडळ बसले आणि त्याचे प्रमुख कोण, तर पोलीस कमिशनर! यावरूनच सरकारच्या मनात काय होते ते कळते. 1921 मध्ये ‘भक्त विदुर’ या मूकपटातील विदुराला खादी आणि गांधीटोपी घातली, तर कराचीत आणि मद्रास इलाख्यात त्यावर बंदी आली. 1930 मध्ये प्रभातच्याच शिवचरित्रावरील ‘स्वराज्य तोरण’ला नाव बदलून ‘उदयकाल’ व्हावे लागले. ‘महात्मा’चेही तेच झाले. मंडळाने हरकत घेतली, आणि नाव बदलून व काही फेरफार करून तो ‘धर्मात्मा’ म्हणून लोकांसमोर आला.

माझ्या मते भीती केवळ नावाची नव्हती. उन्हाने तापलेल्या वाळवंटात रडणारे अस्पृश्याचे लेकरू नाथांनी कडेवर घेतले, श्राद्धाचे अन्न गावाबाहेरच्या भुकेल्यांना वाढले, त्यांच्या घरी पंगतीला बसले. हे प्रसंग 1935 मध्ये जुन्या काळच्या गोष्टी राहिले नव्हते. काळाराम मंदिराचा सत्याग्रह होऊन गेला होता. गांधीजींचा हरिजन दौरा नुकताच संपला होता. त्याच वर्षी 13 ऑक्टोबरला कोपरगावच्या शेजारच्या येवल्यात डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. अशा वेळी नाथांची कथा पडद्यावर सांगणे म्हणजे चालू काळावरच बोलणे होते.

आणि ही कथा मुळात सांगितली कोणी? राहुरी तालुक्यातल्या ताहराबादच्या महिपतीबुवांनी. ‘भक्तलीलामृता’त नाथचरित्र किती विस्ताराने आले आहे ते पोथी लावणाऱ्यांना सांगायला नको. गावचे कुळकर्णीपण सांभाळणाऱ्या या माणसाने संतचरित्रे लिहिली, ती गावोगाव वाचली गेली, आणि कोणत्याही दरबाराने त्यांना विचारले नाही की प्रमाणपत्र कुठे आहे. तेच प्रसंग यंत्रावर चढले तेव्हा मात्र कायदा जागा झाला.

इंग्रज गेले, तरी प्रमाणपत्र राहिले. 1952 चा नवा कायदा आला. ख्वाजा अहमद अब्बास यांनी सर्वोच्च न्यायालयात विचारले की चित्रपटाचीच आगाऊ तपासणी का? 1970 मध्ये न्यायालयाने सांगितले, चित्रपटाचा मनावर होणारा परिणाम वेगळा, म्हणून तपासणी चालेल. 1989 मध्ये एका तामिळ चित्रपटाच्या खटल्यात मात्र त्याच न्यायालयाने बजावले की एकदा प्रमाणपत्र दिल्यावर, मोर्चे निघतील म्हणून सरकारने चित्रपट अडवायचा नाही. मला हा दुसरा निकाल फार मोलाचा वाटतो.

कारण पुढे पैठणवरच प्रसंग आला. बाबा भांड यांच्या कादंबरीवरचा ‘दशक्रिया’ हा मराठी चित्रपट. गोदाकाठी चालणाऱ्या उत्तरक्रियेचा बाजार आणि पाण्यात नाणी शोधणारा एक पोर, असा त्याचा विषय. राष्ट्रीय पुरस्कार मिळाले होते, प्रमाणपत्रही होते. तरी समाजाची बदनामी होते म्हणून बंदीची मागणी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेली. खंडपीठाने ती फेटाळली आणि नोव्हेंबर 2017 मध्ये चित्रपट लागला. 1935 मध्ये पैठणच्या कथेला सरकार भ्याले होते, 2017 मध्ये आपलीच माणसे भ्याली. दुसरी गोष्ट मला जास्त लागते.

दूरचित्रवाणीच्या मालिकांना तर आगाऊ प्रमाणपत्र लागतच नाही. 1995 च्या केबल कायद्याची कार्यक्रमसंहिता त्यांना पाळावी लागते. 2021 च्या नियमांप्रमाणे तक्रार आधी वाहिनीकडे करायची आणि तिने 15 दिवसांत निकाल द्यायचा. समाधान झाले नाही तर वाहिन्यांच्या संस्थेकडे, त्यानंतर केंद्र सरकारकडे जाता येते. हे आपल्या मंडळींना ठाऊक नसते, म्हणून एकदम बंदीचे निवेदन निघते.

असेच एक निवेदन मागल्या चातुर्मासात शेवगावकडचे एक तरुण महाराज माझ्या सहीसाठी घेऊन आले. मी विचारले, “महाराज, भाग पाहिलात का?” म्हणाले, “नाही बाबा, मोबाइलवर आलंय.” मग पोथी काढली, त्यांच्याच मोबाइलवर भाग लावला आणि ओवी आणि प्रसंग ताडून पाहत बसलो. ज्या दृश्यावर त्यांचा सर्वांत मोठा राग होता ते महिपतीबुवांनीच लिहिलेले निघाले. ते जरा खाली बघू लागले. एक चूक मात्र खरी होती : जनार्दनस्वामींचा देवगिरी किल्ला सोडून त्यांना भलतीकडेच नेऊन बसवले होते. निवेदन बाजूला राहिले. त्या एका चुकीबद्दल वाहिनीला पत्र लिहिले, ओवीचा अध्याय आणि क्रमांक घातला, खाली दोघांनी सह्या केल्या.